कूलरमधलं पाणी जातं कुठं?

आमच्या नागपूरच्या घरचा कूलर जुना आहे. लोखंडी पत्र्याचा, खिडकीबाहेर अँगलवर बसवलेला. त्याच्या टाकीत साठ लिटर पाणी मावतं. गेल्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, मी चार दिवस हिशेब ठेवला. संध्याकाळी पाइप लावून टाकी काठोकाठ भरायची आणि सकाळी फूटपट्टी बुडवून पाहायचं. चारही दिवस फूटपट्टी जवळजवळ कोरडीच वर आली आणि पंप रिकामा घुरघुरत होता. साठ लिटर, म्हणजे आंघोळीच्या चार बादल्या, एका रात्रीत गायब. खाली फरशी कोरडी, भिंत कोरडी, टाकीला कुठं भोक नाही.

"काय मोजून राहिली गं सकाळी सकाळी?" आईनं विचारलं. मी सांगितलं. तिनं कूलरकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मग एवढं पाणी जाऊन कुठं राहिलं?"

प्रश्न शाळेतला आहे आणि उत्तरही आपल्या सगळ्यांना पाठ आहे. समुद्राचं पाणी तापतं, त्याची वाफ होते, वाफेचे ढग, ढगांचा पाऊस, पावसाची नदी, नदी पुन्हा समुद्रात. वहीत काढलेलं ते चित्रही आठवतं. कोपऱ्यात सूर्य, दोन डोंगर आणि बाणांचं रिंगण. त्यात कधी माणूस काढल्याचं मात्र मला आठवत नाही. हे आपल्याकडंच घडतं असंही नाही. जगभरातली अशी चित्रं गोळा करून तपासणारा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जेमतेम १५ टक्के चित्रांत माणसाचा काही वावर दिसत होता. त्यानंतर २०२२ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं आपलं प्रसिद्ध चित्र नव्यानं काढलं आणि त्यात शेतं, शहरं, धरणं, कारखाने आणले. नागपूरसाठी कोणी तसं चित्र काढलं, तर एका खिडकीत कूलरही काढावा लागेल.

आधी त्या साठ लिटरांची गोष्ट संपवते. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती भरपूर लागते. एका लिटरला सुमारे २४ लाख ज्यूल. विजेच्या हिशेबात सांगायचं तर पाऊण युनिटला थोडी कमी. कूलरच्या ताट्यांवरून ओघळणारं पाणी ही उष्णता बाहेरून शिरणाऱ्या हवेतूनच ओढून घेतं, म्हणून चाळिशीतली हवा ताटीतून आत येईस्तोवर बारा-पंधरा अंशांनी उतरलेली असते. एका रात्रीत साठ लिटर, म्हणजे चाळीस युनिट विजेएवढी उष्णता आमच्या जुन्या कूलरनं पाण्याच्या पाठीवर लादून हवेत पाठवली. त्यासाठी पंखा आणि पंप मिळून दोन-अडीच युनिट वीज लागली असेल. स्वस्तातला सौदा आहे. पण हवा कोरडी असेल तोवरच. मृग बरसला की तोच कूलर नुसती चिकचिक करतो, कारण हवेचं पोट आधीच वाफेनं भरलेलं असतं आणि तिला आणखी नको असते.

हवेचं हे पोट तापमानावर ठरतं. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. हे लक्षात ठेवा, पुढं अंबाझरी तलावापाशी लागेल.

आमचं साठ लिटर पाणी मग पश्चिमेकडून येणाऱ्या उन्हाळी वाऱ्यावर बसून निघालं. हवेत गेलेली वाफ सरासरी नऊ दिवस तिथं राहते आणि मग कुठं तरी थेंब होऊन उतरते. नवव्या दिवशी ते रायपूरकडं पडलं की पार बंगालच्या उपसागरावर, कोण सांगणार? नागपुरात परत आलं नसावं, एवढं खरं.

इथंच पुस्तकातल्या रिंगणात मोठी गफलत होते. ते चक्र म्हटलं की जत्रेतला आकाशपाळणा डोळ्यांपुढं येतो, एका लयीत वर-खाली होणारा. पाणी तसं फिरत नाही. ते प्रवाशासारखं आहे. एका ठिकाणी चहापुरतं टेकतं, दुसऱ्या ठिकाणी जन्म काढतं. हवेत नऊ दिवस. नदीत दोन-तीन आठवडे. मातीच्या वरच्या थरात महिना-दोन महिने. तळ्यात वर्षं. खडकाच्या खोल भेगांत शेकडो वर्षं, कधी हजारो. समुद्रात सरासरी तीन हजार वर्षं. आपल्या दृष्टीनं चक्रापेक्षा हे मुक्काम महत्त्वाचे, कारण आपण पाणी घेतो ते मुक्कामावरून. वाहत्या वाफेला कोणी नळ लावत नाही.

"पाणी संपत चाललंय" हे वाक्य म्हणून मला कधी पटत नाही. पृथ्वीवरचं पाणी होतं तेवढंच आहे. त्यातलं ९७ टक्के खारं. गोडं अडीच टक्के, त्यातलंही दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात अडकलेलं. उरलेल्यातला बहुतेक भाग जमिनीखाली. नद्या आणि तळी मिळून गोड्या पाण्याचा अर्धा टक्काही भरत नाही. माणसानं या साठ्यातून थेंब काढला नाही की घातला नाही. त्यानं मुक्काम बदलले. आणि बहुतेक ठिकाणी आखूड केले.

नागपूरचं पाणी येतं कुठून, ते पाहू. मोसमी वारे साधारण जूनच्या मध्याला इथं पोचतात. आपला मोठा पाऊस बहुतेक बंगालच्या उपसागराच्या कृपेचा. तिथं कमी दाबाचे पट्टे तयार होतात, ते ओडिशा-छत्तीसगढ ओलांडून पश्चिमेकडं सरकतात आणि विदर्भाला झोडपतात. "अरबी समुद्राची शाखा, बंगालची शाखा" असं आपण घोकलेलं असतं ना, त्यातली दुसरी. आता शहरातून वाहणारी नाग नदी धरा. ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा वर्धेला मिळाली की दोघींचं नाव प्राणहिता होतं, प्राणहिता गोदावरीत जाते, आणि गोदावरी आंध्रातून उतरते ती बंगालच्या उपसागरातच. जिथून पाहुणा आला तिथंच परत. ज्या नदीनं शहराला नाव दिलं आणि जिला आज आपण नाक दाबून ओलांडतो, तीसुद्धा या फेरीत सामील आहे.

वर्षभरात नागपुरात सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. मिलिमीटर हा शब्द हवामानखात्याच्या तोंडी शोभतो, घरात त्याचा काही बोध होत नाही. तेव्हा असं करा: एक हजार चौरस फुटांची गच्ची घ्या. तिच्यावर वर्षाला एक लाख लिटर पाणी पडतं. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हा सरकारी निकष. चौघांचं घर असेल तर ५४० लिटर. म्हणजे एका गच्चीवरचं पाणी अख्ख्या घराला सहा महिने पुरेल इतकं. पाऊस कमी पडतो असं म्हणायला नागपूरकरांना तोंड नाही.

घोळ वेळेचा आहे. हे लाख लिटर बाराही महिने थोडं थोडं येत नाही. चार महिन्यांतल्या पन्नास-साठ दिवसांत येतं, आणि त्यातलंही निम्मंशिम्मं मोजक्या तासांत. मग ते ठेवायचं कुठं? पिढ्यान्‌पिढ्या याचं एकच उत्तर होतं: जमिनीच्या पोटात. आणि नागपूरच्या जमिनीचं पोट लहान आहे.

सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती काळ्या बेसाल्टची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, दख्खनचं पठार घडलं, त्याची पूर्वेकडची कड साधारण इथं येऊन संपते. शहराच्या पश्चिमेला हा काळा दगड. पूर्वेला जाल तसा ग्रॅनाइटच्या भाऊबंदातला नाइस खडक लागतो, अब्जाहून जास्त वर्षांचा. दोन्ही कठीण. वाळूसारखे सच्छिद्र नाहीत. पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या थरात, ज्याला आपण मुरूम म्हणतो, आणि खालच्या भेगांत. लोकांना वाटतं, खाली पाताळात नदी वाहते आणि पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ ती बरोबर दाखवतो. नदी-बिदी काही नसते. भिंतीला गेलेल्या तड्यांत ओल धरावी तसं ते पाणी असतं.

किती मावतं? बेसाल्टमध्ये ढोबळमानानं दोन टक्के धरा. शंभर लिटर आकाराच्या खडकातून दोन लिटर पाणी हाती लागतं. त्याचा परिणाम गमतीचा आहे. ११०० मिलिमीटर पावसातला सात-आठ टक्के भाग, म्हणजे साधारण ८८ मिलिमीटर, या खडकात मुरतो असं समजू. जागाच दोन टक्के, म्हणून तेवढ्या पाण्यानं विहिरीची पातळी तब्बल साडेचार मीटर वर येते. आश्विनात विहीर तुडुंब दिसते आणि आपण खूश होतो. पण उलटा हिशेब तितकाच खरा. पातळी साडेचार मीटर खाली गेली म्हणजे आपण जेमतेम ८८ मिलिमीटर पाणी उपसलं. लहान तोंडाच्या उभ्या बरणीसारखं आहे हे. चार चमचे टाकले की भरल्यासारखी दिसते, चार चमचे काढले की तळ.

अशा बरणीतून बैलांच्या जोरावर माणूस पाणी काढत होता, तेव्हा काढायला मर्यादा होती. मोट होती, बैल दमत होते. वीज आणि बोअर आल्यावर बैल दमायचे थांबले. वरची बरणी रिकामी झाली की आपण तीनशे फुटांवरच्या भेगांकडं वळलो. त्या भेगांतलं पाणी तिथं पोचायला कधी कधी पिढ्या गेलेल्या असतात. पंपानं ते अर्ध्या तासात टाकीत येतं, तिथून बादलीत, बादलीतून मोरीत, मोरीतून गडरलाइनमध्ये, आणि महिन्याभरात आंध्राच्या वाटेला. शेकडो वर्षांचा मुक्काम एका आंघोळीत संपतो. जमिनीखालून जगभर उपसलेल्या या पाण्यानं समुद्राची पातळी वाढायलासुद्धा थोडा हातभार लागला आहे, आणि उपशात भारत पहिल्या नंबरवर आहे. अमेरिका आणि चीन मिळून जेवढं भूजल काढतात त्याहून जास्त आपण एकटे काढतो.

मुक्काम वरूनही आखूड होतो. २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र नागपुरात कोणी विसरलेलं नाही. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. तापलेल्या हवेचं पोट मोठं असतं हे मघाशी म्हटलं, ते उलटं झालं की असा पाऊस होतो. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर म्हणजे दहा कोटी लिटर. मातीवर पडलं असतं तर काही मुरलं असतं, काही गवतात रेंगाळलं असतं, उरलेलं सावकाश निघालं असतं. सिमेंट रस्ते आणि फरशी बसवलेली अंगणं कोणालाच थांबवून घेत नाहीत. सगळं पाणी एकदम निघालं. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी पात्राबाहेर आली, अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत झोपेतली माणसं उठेपर्यंत पाणी खाटेला लागलं होतं. जीवही गेले. त्याच शहरात आठ महिन्यांनी मे उजाडतो आणि आपण टँकरची वाट पाहतो. पूर आणि टंचाई या दोन आपत्ती आहेत असं मला वाटत नाही. पाणी थांबलं नाही, याचीच ती दोन टोकं आहेत.

मग नळाला येतं ते कुठलं? बहुतेक पेंचचं. पेंच नदी मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते, वाघांच्या जंगलातून येते, सीमेवर तोतलाडोहला अडते. तिथून खाली नवेगाव खैरी, आणि तिथून आपल्या गोरेवाड्याला, जिथं ते शुद्ध होऊन नळात येतं. उरलेलं पाणी कन्हान नदीतून. शहराला रोज ६० कोटी लिटरहून जास्त लागतं. पेपरात धरणाचा साठा "दलघमी"मध्ये छापतात आणि बहुतेक जण ती ओळ सोडून पुढं जातात. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, म्हणजे शंभर कोटी लिटर. शहर दीड-दोन दिवसांत एक दलघमी पितं. तोतलाडोहमध्ये हजार दलघमीहून जास्त मावतं. भरलं की निवांत झोपावं असा आकडा आहे. पण त्यावर एकट्या शहराचा हक्क नाही. शेतीचे कालवे आहेत, वीजकेंद्रं आहेत, आणि वरच्या अंगाला शेजारचं राज्य आहे.

२०१९ मध्ये हे सगळं एकदम कळलं. त्याआधी काही वर्षांपासून वर छिंदवाड्यात चौराई धरण पाणी अडवू लागलं होतं. त्यात पावसानं ओढ दिली. तोतलाडोहनं तळ गाठला आणि ऐन जुलैत, भर पावसाळ्यात, नागपूरला एक दिवसाआड पाणी आलं. आमच्या गल्लीत निळे ड्रम विकायला आले होते, ते दुपारपर्यंत संपले. समोरच्यांनी थेट नळाला टिल्लू पंप लावला, मग त्यांच्या समोरच्यांनी, मग शेवटच्या घरांत नुसती हवा फुसफुसू लागली. पंप लावणाऱ्याला वाटतं आपण पाणी मिळवलं. त्यानं फक्त शेजारणीच्या बादलीतलं आपल्या बादलीत घेतलं. दोन राज्यं काय, दोन घरं काय, वरच्या अंगाला असणाऱ्याचं गणित सारखंच. पुढं सप्टेंबरात पाऊस झाला, धरण भरलं, दरवाजे उघडले, आणि निळ्या ड्रमांत लोकांनी तांदूळ ठेवले.

धरण म्हणजे नदीचा मुक्काम लांबवण्याची युक्ती. युक्ती चांगली, पण तिची किंमत सूर्य वसूल करतो. आपल्याकडं उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड-दोन मीटर उंचीचं पाणी उडून जातं. पडतो सव्वा मीटरहून कमी. एक हेक्टर तळ्यावरून एक सेंटिमीटर उडालं की एक लाख लिटर गेलं, आणि मे महिन्यात एवढं उडायला एकच दिवस लागतो. तोतलाडोह हा एक अर्थी आपला सगळ्यात मोठा कूलर आहे. फरक एवढाच, की त्याच्या गारव्याला वाघ सोडून कोणी बसत नाही.

आता पाणी पितं कोण ते बघू. "ब्रश करताना नळ बंद ठेवा" हा सल्ला वाईट नाही, पण त्यात गंमत अशी की आपल्या देशात वापरल्या जाणाऱ्या पाण्यातलं ८० टक्क्यांहून जास्त शेतीला जातं. ब्रशच्या नळानं धरण भरत नाही.

शेती म्हटलं की इकडं संत्रा आलाच. संत्र्याला वर्षातून दोनदा फुलायची सोय आहे आणि फुलवायची किल्ली पाणी आहे. बागायतदार झाडाचं पाणी काही आठवडे तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. झाड हवालदिल होतं, पानं मलूल होतात, आणि मग पाणी मिळालं की भीतीनं म्हणा की आनंदानं म्हणा, फुलतं. जूनच्या पावसावर फुलवलं तर मृग बहार. जानेवारी-फेब्रुवारीत फुलवलं तर आंबिया. मृगाला पावसाळा सांभाळतो. आंबियाची फळं मात्र अख्खा उन्हाळा झाडावर असतात. मे महिन्यात मोठ्या झाडाला रोज शंभर लिटरच्या वर पाणी लागतं. एकरी ११० झाडं, म्हणजे रोज अकरा हजार लिटर, मघाच्या हिशेबानं चौघांच्या वीस घरांचं. हे पाणी पेंचचं नसतं, त्याच दोन टक्क्यांच्या बरणीतलं असतं. वरुड-मोर्शीकडं भूजलाचा अतिउपसा झाला तो असा. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण झाड वाढवायला सात-आठ वर्षं गेलेली असतात. एक उन्हाळा पाणी चुकलं तर बाग सरपण होते. अशा माणसाला दुसरी बोअर खोदू नको म्हणायची हिंमत शहरात बसून करू नये.

कापसाबद्दल उलटी चूक होते. एक किलो कापसामागं दहा हजार लिटर पाणी, असा जागतिक सरासरीचा आकडा फिरत असतो आणि लोक विदर्भाकडं बोट दाखवतात. आपला बहुतेक कापूस कोरडवाहू आहे. काळ्या मातीनं पावसाची ओल धरून ठेवलेली असते आणि झाड तिच्यावरच जगतं. तिथं कापूस नसता तर गवतानं ती ओल प्यायली असती. मातीतल्या ओलीवरचं पाणी आणि धरणा-बोअरमधून उचललेलं पाणी एका आकड्यात मिसळलं की हिशेब फसतो. पहिल्याला जाणकार हिरवं पाणी म्हणतात, दुसऱ्याला निळं. भांडणं सगळी निळ्यावर.

निळं पाणी पिणारा आणखी एक मोठा गिऱ्हाईक नागपूरच्या वेशीवरच आहे, कोराडीचं औष्णिक वीजकेंद्र. त्या मोठ्या घडवंच्यांसारख्या शीतमनोऱ्यांतून पांढरा लोट निघतो, तो धूर समजतात. तो बहुतांशी पाण्याचा आहे. कोळसा जाळून वाफ करायची, वाफेनं चक्र फिरवायचं, मग ती वाफ थंड करायला आणखी पाणी हवेत सोडायचं. म्हणजे आमचाच कूलर, हत्तीएवढा. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये जुन्या केंद्रांना घालून दिलेली मर्यादा युनिटमागं साडेतीन लिटर पाण्याची आहे. आता एसीवाले शेजारी आमच्या कूलरच्या चार बादल्यांकडं पाहून नाक मुरडतात, त्यांचा हिशेब करू. रात्रभरात एसी आठ-दहा युनिट ओढतो. वीज कोळशाची धरली तर तीसेक लिटर पाणी त्यांनीही उडवलं. ते त्यांच्या गच्चीवर उडालं नाही, कोराडीला उडालं, एवढंच.

आणि ते पाणी कुठलं? इथं मला नागपूरचं खरंच कौतुक आहे. शहराचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून त्यातलं रोज सुमारे १३ कोटी लिटर कोराडीच्या केंद्राला देण्याची योजना झाली. तितकं पेंचचं पाणी वाचलं. माझ्या मोरीतलं पाणी शेजाऱ्यांचा एसी थंड करतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. जलचक्राच्या जुन्या चित्रात हा बाण कुठं काढाल? एकदा वापरलेल्या पाण्याला निघण्याआधी आणखी एक मुक्काम दिला, इतकं सोपं आहे ते. जे सांडपाणी असं अडत नाही ते नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणात जातं. १९८८ मध्ये राजीव गांधींनी पायाभरणी केलेलं हे धरण भंडारा, नागपूर, चंद्रपूरच्या शेतीसाठी. आमची घाण त्यांच्या साठ्यात. सूर्य पाणी उचलताना स्वच्छ तेवढंच उचलतो आणि घाण खाली ठेवून जातो, हे विसरून आपण म्हणतो की नदी सगळं वाहून नेते.

पाण्याला थांबवण्याची कला आपल्या पूर्व विदर्भात जुनी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो तलाव आहेत. कोहळी समाजातल्या माणसांनी उतार पाहून बांधलेले. एकाचा सांडवा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, खाली धानाची बांधी. मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जुनी जमीनदारी, गेल्यावर ते सरकारजमा झाले आणि कागदोपत्री त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, त्याचं लघुरूप मामा तलाव. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, कोणाचा तरी मामा असेल. गाळ साचला, बरेच निकामी झाले. जिथं गाळ निघाला तिथं भोवतालच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी टिकतं, कारण उथळ तलावाखालचा मुरूम सबंध हिवाळा सावकाश पीत राहतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही कूलर खोलला. ताट्या काढून गच्चीवर वाळत टाकल्या. त्यांच्यावर पांढरा, खरखरीत थर चढला होता, खालच्या कडेला तर बोटभर जाड. मी नळाऐवजी बोअरचं पाणी भरत होते, त्याचा हा प्रसाद. उन्हाळाभरात हजारो लिटर पाणी उडालं आणि त्यानं खडकातून विरघळवून आणलेलं सगळं इथं सोडून दिलं. समुद्र खारट झाला तो याच रीतीनं, पाऊस गोड पडतो तोही याच रीतीनं. खात्री करायला मी थरावर अर्धं लिंबू पिळलं. फस्स करून बुडबुडे आले, म्हणजे चुनाच. हा आमच्या पायाखालचा दगड, तीनशे फुटांवरून वर येऊन खिडकीत बसलेला.

"उगीच लिंबू वाया घालवून राहिली," आई म्हणाली, आणि उरलेली फोड वरणात पिळायला घेऊन गेली.